गोदामातला माल आणि मोबाईलमधला मेसेज: रोज वापरतो त्या शोधांची गोष्ट

भिवंडीच्या आसपास मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांकडे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं दिसतात. एकेकाळी भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आठवायचा. आज त्याच घरांतली पोरं हातात स्कॅनर घेऊन गोदामात उभी असतात. खोक्यावरच्या काळ्या रेघांवर लाल उजेड पडतो, 'टीं' असा आवाज होतो आणि थोड्या वेळात कुठल्यातरी घरात मोबाईल वाजतो: "आपले पार्सल निघाले आहे."

तो 'टीं' आणि तो मेसेज, दोन्ही आपल्या इतक्या अंगवळणी पडलेत की त्यामागे कोणाची तरी बुद्धी आणि वर्षानुवर्षांची मेहनत आहे हे लक्षातच येत नाही. या शोधांवर आज कितीतरी घरांची रोजीरोटी चालते. त्यांच्याच आडून बँकेतला पैसाही जातो, आणि एका खोट्या मेसेजपायी आपल्याच महाराष्ट्रात माणसांचे जीव गेले आहेत. म्हणून हे शोध कसे लागले, चालतात कसे आणि वापरताना काय सांभाळायचं, हे आम्ही या लेखात सोप्या भाषेत मांडत आहोत.

मूळ अडचण: वहीत चाळीस, फळीवर छत्तीस

दुकान छोटं असो की गोदाम मोठं, मालाबाबत प्रश्न तीनच असतात. काय आहे? किती आहे? कुठे आहे?

कापडाच्या दुकानाचं उदाहरण घ्या. वहीत चाळीस ठाण लिहिलेत, मोजले तर छत्तीस भरतात. चार गेले कुठे? कदाचित विकले गेले पण लिहायचे राहिले. कदाचित आले तेव्हाच चार कमी होते आणि कोणी मोजलेच नाहीत. नाहीतर दुसऱ्या फळीवर मागे पडून असतील. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत गिऱ्हाईक दारात उभं असताना हे शोधायला वेळ कोणाकडे असतो? मग "माल संपलाय" म्हणून गिऱ्हाईक परत जातं आणि ईद झाल्यावर तेच चार ठाण कोपऱ्यात सापडतात. नुकसान दोन्हीकडून. धंदा गेला आणि पैसाही अडकून पडला.

खाण्याच्या वस्तूंचं तर आणखी वेगळं. आधी आलेला माल आधी विकला नाही तर तारीख उलटते आणि तो फेकावा लागतो. हाताने लिहिण्यात माणूस चुकतो, दमतो, विसरतो. त्यामुळे वस्तूनेच आपलं नाव स्वतः सांगावं, ही कल्पना पुढे आली.

वाळूत ओढलेल्या रेघा

सन १९४८. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ड्रेक्सेल नावाची तंत्रशिक्षण संस्था होती. तिथला विद्यार्थी बर्नार्ड सिल्व्हर याच्या कानावर एक बोलणं पडलं. किराणा दुकानांच्या एका साखळीचे प्रमुख संस्थेच्या अधिकाऱ्यांना विचारत होते की, गल्ल्यावर माल आपोआप ओळखला जाईल असं काही बनवता येईल का? अधिकाऱ्यांनी नकार दिला. सिल्व्हरने मात्र ही गोष्ट मित्राला, नॉर्मन जोसेफ वूडलँडला सांगितली.

वूडलँडला स्काऊटमध्ये असताना मोर्स लिपी शिकवलेली होती, म्हणजे तारेवरची ती 'कट्ट-कड' भाषा, टिंब आणि रेघ. फ्लोरिडाच्या समुद्रकिनारी बसला असताना त्याने वाळूत बोटांनी टिंबं आणि रेघा काढल्या आणि मग त्या खाली ओढल्या. टिंबाची झाली बारीक रेघ, रेघेची झाली जाड रेघ. बारकोडचं बीज तिथे पडलं.

२० ऑक्टोबर १९४९ रोजी दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १९५२ रोजी पेटंट मिळालं. त्यांचं चिन्ह गोलही असू शकत होतं, म्हणजे नेमबाजीच्या फळ्यावर एकात एक गोल असतात तसं. पण कल्पना काळाच्या पुढे होती. ते चिन्ह वाचायला लेझर हवा, तो आला १९६० मध्ये. वाचलेलं समजून घ्यायला स्वस्त कॉम्प्युटर हवा, तो यायला आणखी दहा वर्षं गेली. तोवर त्यांनी पेटंट १५ हजार डॉलरला विकून टाकलं होतं. १९६९ मध्ये पेटंटची मुदतही संपली. सिल्व्हर तर १९६३ मध्येच वारला, आपल्या शोधाचं चीज झालेलं त्याला पाहता आलं नाही.

पुढे आयबीएम कंपनीतले अभियंते जॉर्ज लॉरर यांनी आज आपण पाहतो ते उभ्या रेघांचं चौकोनी चिन्ह तयार केलं. अमेरिकेतल्या किराणा व्यवसायाने १९७३ मध्ये ते स्वीकारलं. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात, मार्श नावाच्या सुपरमार्केटमध्ये, पहिली वस्तू स्कॅन झाली. ती होती रिग्लीच्या च्युइंगमचं दहाचं पाकीट, किंमत ६७ सेंट. वाळूतल्या रेघांपासून गल्ल्यापर्यंत यायला पंचवीस वर्षं लागली होती.

तेरा आकड्यांत दडलेला चौकीदार

आपल्याकडच्या बहुतेक पाकिटांवर रेघांच्या खाली तेरा आकडे असतात. सुरुवातीचे आकडे नंबर देणाऱ्या संस्थेचे, मधले कंपनीचे आणि वस्तूचे. शेवटचा आकडा मात्र चौकीदार आहे. तो बाकीच्या बारा आकड्यांवर पहारा ठेवतो.

मुलांना घरी बसवून करून दाखवा. समजा नंबर आहे ८९०१२३४५६७८९ आणि शेवटी ०. पहिल्या बारा आकड्यांतले एक सोडून एक घ्या: ८, ०, २, ४, ६, ८. बेरीज २८. उरलेले घ्या: ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४, तिला तीनने गुणा, झाले १०२. दोन्ही मिळून १३०. आता पुढचा पूर्ण दहा गाठायला किती हवेत? १३० स्वतःच पूर्ण आहे, म्हणून चौकीदार आकडा ०. स्कॅनरने चुकून ४ च्या जागी ७ वाचला तर बेरीज १३३ होईल, चौकीदार ७ असायला हवा होता, पण आहे ०. मशीन लगेच ओळखतं की वाचण्यात गडबड झाली. कुठलाही एक आकडा चुकला तरी चोरी पकडली जाते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मोबाईलवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: "बारकोड ८९० ने सुरू झाला तर माल भारताचा, ६९० ने सुरू झाला तर चीनचा." आपल्या लोकांमध्ये ७२९ चा मेसेजही खूप फिरतो, की तो आकडा दिसला म्हणजे माल इस्रायलचा. हे अर्धसत्य आहे. पहिले तीन आकडे एवढंच सांगतात की कंपनीने नंबर कुठल्या देशातल्या संस्थेकडून घेतला. भारतात हे नंबर जीएस१ इंडिया देते, म्हणून ८९०. माल कुठे बनला ते या आकड्यांवरून कळत नाही. भारतात नंबर घेतलेली कंपनी माल बाहेर बनवून आणू शकते आणि बाहेर नोंदणी झालेली कंपनी इथे माल बनवू शकते.

एखादी वस्तू घ्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण तो घ्यायचा तर पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि बनवलेल्या देशाचा उल्लेख वाचून घ्या. हलालचंही तसंच. बारकोडमध्ये हलाल-हराम काही लिहिलेलं नसतं. त्यासाठी प्रमाणपत्राचा शिक्का आणि घटकांची यादीच पाहावी लागते. नुसत्या तीन आकड्यांवरून गल्लीतल्या दुकानदाराशी वाद घालणं म्हणजे बिचाऱ्याच्या पोटावर पाय देणं.

जपानी कारखान्यातला चौकोन

बारकोडात अडचण एकच, त्यात मावतं फार थोडं. साधारण वीस अक्षरं. जपानमध्ये मोटारींचे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत कामगारांना एका खोक्यावरचे बरेच बारकोड एकामागून एक स्कॅन करावे लागायचे, दिवसाला हजाराच्या घरात. माणसं कंटाळायची, काम रेंगाळायचं. तक्रार अभियंता मासाहिरो हारा यांच्यापर्यंत आली.

हारा दुपारच्या सुट्टीत 'गो' नावाचा पटावरचा खेळ खेळायचे. काळ्या-पांढऱ्या सोंगट्या, आडव्या-उभ्या रेषा. त्यातून त्यांना सुचलं की माहिती फक्त आडवीच का लिहायची, आडवी आणि उभी दोन्हीकडे का नको? असा १९९४ मध्ये क्यूआर कोड जन्माला आला. त्यात नुसते आकडे भरले तर सात हजारांहून जास्त मावतात.

तिन्ही कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात, ते मशीनला सांगतात की "कोड इथे आहे आणि वरची बाजू ही." हारा यांच्या माणसांनी मासिकं, जाहिराती, खोक्यांवरची छपाई ढीगभर तपासली आणि काळ्या-पांढऱ्याचं असं प्रमाण शोधलं जे एरवी छपाईत क्वचितच येतं: १, १, ३, १, १. म्हणून मोबाईल तिरका धरला तरी कोड झटक्यात सापडतो. शिवाय माहिती अशा पद्धतीने भरलेली असते की कोडचा तीस टक्क्यांपर्यंत भाग फाटला, तेलकट झाला तरी तो वाचता येऊ शकतो. किती खराबी सोसायची ते बनवतानाच ठरवतात.

कंपनीने पेटंट घेतलं, पण ठरलेल्या मापात कोड बनवणाऱ्या-वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. म्हणूनच आज भाजीच्या गाडीपासून हजयात्रेकरूच्या नुसूक कार्डापर्यंत तोच चौकोन दिसतो.

न पाहता वाचणारी चिप

बारकोड आणि क्यूआर दोन्हींना एक अट आहे, ते डोळ्यासमोर हवेत. खोकं उघडल्याशिवाय आतल्या पन्नास वस्तू मोजायच्या तर? त्यासाठी आरएफआयडी. म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख. अमेरिकेतल्या मारिओ कार्डुलो यांना अशा चिपचं एक सुरुवातीचं पेटंट १९७३ मध्ये मिळालं.

यात एक इवलीशी चिप आणि तिला जोडलेला तारेसारखा अँटेना असतो. बॅटरी नसली तरी चालतं. वाचणारं मशीन रेडिओ लहरी सोडतं, त्याच लहरींतून चिपला थोडी वीज मिळते आणि ती आपला नंबर परत सांगते. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हाच प्रकार आहे. टोलनाक्यावर गाडी उभी न करताही तो वाचला जातो, हे आता सगळ्यांनी पाहिलंय. २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या शंभर बड्या पुरवठादारांना २००५ पासून खोक्यांवर अशा चिपा लावायला सांगितलं, तेव्हापासून गोदामांत याची चर्चा सुरू झाली. चिप कागदी स्टिकरपेक्षा महाग पडते आणि धातू-पाण्याजवळ नीट वाचता येत नाही, म्हणून साध्या मालावर आजही बारकोडच टिकून आहे.

एकशेसाठ अक्षरं कुठून आली?

आता वळूया मेसेजकडे. १९८५ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रँड नावाचे अभियंते टाईपरायटरवर बसले आणि मनाला येतील ती वाक्यं, प्रश्न टाईप करत गेले. प्रत्येकाची अक्षरं मोजली. बहुतेक एकशेसाठच्या आत बसली. पोस्टकार्डांवर लोक किती लिहितात तेही तपासलं गेलं. ठरलं, १६० पुरेत.

एवढी कंजुषी का? कारण मेसेजसाठी वेगळा रस्ता बांधायचाच नव्हता. मोबाईल आणि टॉवर यांच्यात फोन लावण्यासाठी, रेंज सांगण्यासाठी सतत छोटे निरोप चालू असतात. हा रस्ता बराच वेळ रिकामा पडून असतो. त्याच रिकाम्या जागेत मेसेज कोंबायचा होता. तिथे एका वेळी १४० बाईट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून हिशोब बसतो १६० अक्षरांचा.

मराठी किंवा उर्दू लिहिली की मात्र प्रत्येक चिन्हाला साधारणपणे सोळा बिट लागतात आणि तोच मेसेज ७० चिन्हांवर येतो. त्यातही काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. 'नमस्कार' आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, मोबाईल मात्र सात मोजतो. इंग्रजी मेसेजमध्ये एकच मराठी अक्षर घुसवलं तरी सगळा मेसेज सत्तरच्या हिशोबात जातो. दुकानदार गिऱ्हाईकांना मराठीत मेसेज पाठवतात आणि एकाच्या जागी दोन-तीन मेसेजचे पैसे कापले जातात, त्याचं कारण हे.

जगातला पहिला मेसेज ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. बावीस वर्षांचा इंजिनीअर नील पॅपवर्थ याने कॉम्प्युटरवरून व्होडाफोनचे अधिकारी रिचर्ड जार्विस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. आपल्या देशात पहिला मोबाईल कॉलच मुळी ३१ जुलै १९९५ रोजी झाला. ईदच्या दिवशी मिस कॉल आणि मोजून लिहिलेले 'ईद मुबारक' हे त्यानंतरच्या काळातलं.

पुढे इंटरनेट आलं आणि २००९ मध्ये जॅन कूम आणि ब्रायन अॅक्टन यांनी व्हॉट्सअॅप काढलं. फेसबुकने २०१४ मध्ये ते १९ अब्ज डॉलरला घ्यायचा सौदा केला. त्यात मेसेज आधी कंपनीच्या सर्व्हरला पोहोचतो, तेव्हा एक टिक. समोरच्याच्या फोनला पोहोचला की दोन. २०१६ पासून मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो, मधे कोणाला तो वाचता येत नाही. खासगी बोलण्यासाठी ही मोठी सोय. पण अफवाही त्याच कुलपात बंद होऊन धावते, हे विसरून चालणार नाही.

स्कॅन आणि मेसेज जिथे भेटतात

गोदामात माल आला की आधी मोजून स्कॅन होतो, ही आवक. मग तो कुठल्या रांगेत, कुठल्या कप्प्यात ठेवला ते कप्प्याचा कोड स्कॅन करून नोंदवलं जातं. ऑर्डर आली की कामगाराच्या हातातल्या यंत्रावर दिसतं, अमुक रांग, अमुक कप्पा, दोन नग. तो तिथे जातो, स्कॅन करतो. चुकीचा नग उचलला तर यंत्र ओरडतं. पॅकिंग झाली, गाडीत चढलं, पुन्हा स्कॅन. प्रत्येक स्कॅनबरोबर एक नोंद होते: कोणता नग, कुठे, किती वाजता, कोणाच्या हातून. याच नोंदींवरून ग्राहकाला मेसेज जातो. म्हणजे आपल्या फोनवर जे "पार्सल निघाले" दिसतं, ते कुणाच्यातरी हाताने केलेल्या स्कॅनचं फळ असतं.

'कोणाच्या हातून' हे शब्द नीट वाचा. यंत्र फक्त माल मोजत नाही, माणसालाही मोजतं. तासाला किती नग उचलले, मध्ये किती मिनिटं हात थांबला, नमाजला किंवा पाणी प्यायला किती वेळ गेला, हे सगळं नोंदीतून दिसू शकतं. ठेकेदारामार्फत लागलेल्या पोरांना हे आधी कोणी सांगत नाही. म्हणून कामाला लागतानाच विचारून घ्यावं: टार्गेट किती, सुट्टी किती मिनिटांची, नग कमी भरला तर कापणार कोणाच्या पगारातून? आपल्या लॉगिनवर दुसऱ्याला कधीही स्कॅन करू देऊ नका. माल गहाळ झाला तर नाव तुमचंच निघेल.

यातली चांगली बाजूही आहे. स्टॉकचं काम समजणारा, आवक-जावकचा मेळ घालू शकणारा, यंत्रातली नोंद वाचू शकणारा मुलगा किंवा मुलगी हमालीच्या पुढे जाऊ शकते. बारावी झालेल्या मुलांनी एक्सेल आणि स्टॉकचं एखादं सॉफ्टवेअर शिकून घेतलं तर सुपरवायझर, स्टॉक ऑडिट अशी कामं त्यांच्या आवाक्यात येतात.

मेसेज जीव घेतो तेव्हा

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे पाच गरीब भटके लोक भिक्षेसाठी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या दिवसांत फोनवरून फिरत होते. संशय आला, जमाव जमला आणि पाचही जणांना ठेचून मारण्यात आलं. त्याच सुमारास मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं. त्यांच्यात लहान मूलही होतं. पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून ते वाचले.

त्यानंतर व्हॉट्सअॅपने 'फॉरवर्डेड' असा शिक्का आणला, भारतात एका वेळी पाच जणांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं. कंपनीने वेग कमी केला. पण शेवटी पाठवण्याचं बटण दाबणारं बोट आपलंच असतं.

आम्ही घराघरात एवढंच सांगू इच्छितो की घाबरवणारा मेसेज आला तर आधी तीन गोष्टी पाहा. पाठवणाऱ्याने स्वतः पाहिलंय का? त्यात गाव, तारीख, नाव आहे का? पोलीस ठाण्याला फोन करून विचारलं का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तो मेसेज तुमच्या फोनवरच थांबू द्या. गोदामात माल न मोजता कोणी आत घेत नाही. बातमीही न तपासता घरात घेऊ नये.

पैसे घेताना पिन लागत नाही

क्यूआर कोडच्या नावाखाली फसवणूक नेहमी एकाच चालीने होते. कोणी जुना फ्रीज किंवा कपाट विकायला काढतं. समोरचा म्हणतो, "ताई, मी कोड पाठवतो, स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील." पिन टाकला की पैसे जमा होत नाहीत, जातात. पक्कं ध्यानात ठेवा: यूपीआयमध्ये पिन फक्त पैसे देताना लागतो. घ्यायला ना पिन लागतो, ना स्कॅन.

दुकानदारांनी आपल्या कोडच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं नाही ना, हे रोज सकाळी बघावं. गिऱ्हाईकाने दाखवलेल्या स्क्रीनवर भरवसा न ठेवता आपल्या खात्यात किंवा आवाजाच्या डब्यावर जमा झाल्याची खात्री करावी. बँकेच्या नावाने दहा आकडी मोबाईल नंबरवरून मेसेज आला तर समजा की तो बँकेचा नाही. बँकांचे मेसेज अक्षरी नावाने येतात आणि आता त्या नावापुढे एस, टी, पी, जी यांपैकी प्रकार सांगणारं अक्षरही असतं. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि सरकारच्या सायबर तक्रार पोर्टलवर नोंद करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

लहान दुकानात सुरुवात कशी करावी?

महागडं काही घ्यायची गरज नाही. आधी प्रत्येक वस्तूला आपला एक नंबर द्या आणि प्रत्येक फळीलाही. आलेला माल बिल तपासल्याशिवाय फळीवर ठेवू नका. विकलेला माल त्याच दिवशी उतरवा. कागदावर, एक्सेलमध्ये किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्याने बारकोड वाचणाऱ्या एखाद्या अॅपमध्ये, जे जमेल त्यात. सगळं दुकान वर्षातून एकदा मोजण्याऐवजी रोज एक फळी मोजा. महिन्याभरात पूर्ण दुकान मोजून होतं आणि फरक लगेच सापडतो. नंबर फक्त स्वतःच्या दुकानापुरता हवा असेल तर घरच्या घरी छापलेला चालतो. माल मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन विकायचा असेल तर मात्र अधिकृत नंबर घ्यावा लागतो.

मुलाला काही सुचलं तर?

या सगळ्या शोधांत एक गोष्ट सारखी आहे. कोणीतरी एक रोजची अडचण कान देऊन ऐकली. सिल्व्हरने दुकानदाराची, हारा यांनी कामगारांची. अशा अडचणी आपल्या गोदामांत, मागांवर, बाजारात ढिगाने आहेत आणि त्या सगळ्यात जवळून पाहणारी आपलीच मुलं आहेत.

मुलाने किंवा मुलीने खरोखर नवं काही बनवलं तर पहिली खबरदारी ही, की त्याचा व्हिडिओ स्टेटसवर टाकू नका. एकदा गोष्ट जगजाहीर झाली की ती 'नवी' राहत नाही आणि पेटंट हातचं जाऊ शकतं. भारतात तात्पुरता अर्ज करून आधी तारीख पक्की करता येते. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. एकट्या व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे, तपासणीची फी वेगळी. महाराष्ट्रातल्या अर्जांचं काम मुंबईच्या पेटंट कार्यालयात चालतं. मिळालेलं पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं चालतं. नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला किंवा धंद्याच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही, पण यंत्र, उपकरण किंवा तांत्रिक युक्ती असेल तर दार उघडं आहे.

सिल्व्हर आणि वूडलँड यांना पैसा फारसा मिळाला नाही. हारा यांच्या कंपनीने हक्क असूनही पैसे मागितले नाहीत. तरी त्यांच्या कामाचा फायदा आज जगातल्या प्रत्येक दुकानाला होतोय. आपल्या घरात शाळकरी मूल एखादं जुनं यंत्र उघडून बसलं असेल तर त्याला रागावण्याआधी काय शोधतोय ते विचारा. आणि गोदामातून दमून आलेल्या पोराला आज कुठली गोष्ट करताना त्रास झाला, हेही जरूर विचारा.